अमेरिकेतला फोन घरी धाडण्याआधी त्याचं कुलूप रीतसर काढून घ्या

मिरजेहून बाबांचा फोन आला तेव्हा इथे न्यू जर्सीत सकाळचे साडेसात वाजले होते. "अगं, सिम घातलं की 'सिम नॉट सपोर्टेड' असं दाखवतोय. दुकानदार म्हणतो, हा अमेरिकेचा फोन, इकडे चालायचा नाही." फोन माझाच, जुना आयफोन १२. ऑफिसातली एक मैत्रीण सुट्टीवर निघाली होती, तिच्या बॅगेत लोकरीच्या मोज्यात गुंडाळून धाडलेला. त्याचे हप्ते मी फेडले होते, फोटो काढून घेतले होते, काचेला नवा गार्डसुद्धा लावला होता. कुलपाची आठवण मात्र झाली नाही, कारण फोन माझ्याकडे असेपर्यंत ते कधी दिसलंच नव्हतं.

मग उलगडा झाला तो असा. दोन वर्षांपूर्वी मी कॅरियर (मोबाइल सेवा देणारी कंपनी) बदलला, तेव्हाचं शेवटचं बिल जुन्या अपार्टमेंटच्या पत्त्यावर गेलं आणि तिथेच कुणाच्या तरी कचऱ्याच्या डब्यात विसावलं. अडतीस डॉलर. तेवढ्यापायी खातं थकबाकीत बंद झालं होतं, आणि थकबाकीच्या खात्यावरचा फोन अनलॉक होत नाही. हे निस्तरायला एकोणीस दिवस लागले. कंपनीचं नाव घेत नाही. निम्मी चूक माझीच होती.

इकडे शिकायला किंवा प्रोजेक्टवर नव्याने आलेल्यांसाठी, आणि दिवाळीला घरी फोन पाठवणाऱ्यांसाठी, हे लिहिते आहे. बाकी काही वाचलं नाहीत तरी एवढं करा: फोन तुमच्या हातात आहे आणि ज्या कॅरियरकडून घेतला त्याच्याकडचं खातं अजून चालू आहे, तोवरच हे काम उरकून टाका. फोन मिरजेत, खातं बंद आणि तुम्ही तिसऱ्याच गावात, अशा वेळी तेच पंधरा मिनिटांचं काम महिन्यावर जातं.

हे कुलूप नेमकं कसलं

भारतात आपण फोन एका दुकानातून घेतो आणि सिम दुसरीकडून, त्यामुळे ही भानगड बहुतेकांना माहीतच नसते. तरी ती आपल्याकडे अगदीच नव्हती असंही नाही. २००८ च्या ऑगस्टमध्ये भारतात पहिल्यांदा अधिकृतपणे आलेला आयफोन एअरटेल आणि व्होडाफोन विकत होते, आणि तो त्या त्या कंपनीशी बांधलेला होता. २०१७ चा जिओफोन फक्त जिओच्या सिमवर चालायचा. अमेरिकेत हीच पद्धत सर्रास आहे. फोन कॅरियरकडूनच घ्यायचा, चोवीस किंवा छत्तीस महिन्यांच्या हप्त्यांवर. हप्ते बुडवून माणूस फोनसकट पसार होऊ नये म्हणून कॅरियर त्यावर कुलूप घालतो.

कुलपाची यंत्रणा साधी आहे. प्रत्येक सिममध्ये देश आणि कंपनी सांगणारा एक क्रमांक असतो. भारतातल्या सिमचा ४०४ किंवा ४०५ ने सुरू होतो, अमेरिकेतल्यांचा ३१० च्या आसपास. लॉक असलेला फोन हा क्रमांक वाचतो, आणि आपल्या मालक कंपनीचा नसेल तर सिम नाकारतो. आयफोनच्या बाबतीत कोणता फोन कुणाशी बांधलेला आहे ही नोंद अ‍ॅपलच्या सर्व्हरवर असते. म्हणून आयफोन अनलॉक करायला कसलाही कोड लागत नाही. कॅरियरने तिकडे नोंद बदलली की फोन पुढच्या वेळी इंटरनेटला जोडला गेल्यावर ती उचलतो. जुन्या अँड्रॉइड फोनांना मात्र आकडी कोड द्यावा लागायचा, आणि चुकीचा कोड ठरावीक वेळा टाकला की फोन कायमचा रुसायचा.

कुलूप सिमला असतं, देशाला नाही. त्यामुळे अमेरिकन सिमवर रोमिंग घेऊन तोच फोन पुण्यात मजेत चालतो, वायफायवर व्हॉट्सअ‍ॅपही चालतं. म्हणूनच सुट्टीत फोन भारतात वापरून आलेली माणसंसुद्धा "माझा तर चालला होता की" असं छातीठोकपणे सांगतात. त्यावर जाऊ नका.

नव्याने आलेल्यांना याचा चटका बसतो तो वेगळ्याच ठिकाणी. बँकेचे ओटीपी यावेत म्हणून आपण भारतातलं सिम रोमिंगवर जिवंत ठेवतो. इथे आल्या आल्या मोफत म्हणून हप्त्यावरचा नवा फोन घ्यायचा, त्यात इथली लाइन आणि दुसऱ्या जागी भारतातलं सिम, असा बेत असतो. लॉक असलेल्या फोनात दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमं नांदत नाहीत. मग खिशात दोन फोन. ज्याला हे टाळायचं असेल त्याने पहिल्या वर्षी भारतातून आणलेला फोनच वापरावा, किंवा पूर्ण पैसे मोजून अनलॉक असलेला घ्यावा. अ‍ॅपलच्या दुकानात फोन घेताना कॅरियर नंतर निवडू, असा पर्याय असतो. तो निवडला की फोन मोकळा मिळतो. बाहेरच्या मोठ्या दुकानांत मात्र नीट विचारा. तिथले काही आयफोन पहिल्यांदा ज्या सिमवर सुरू होतात त्याच कंपनीला चिकटून बसतात.

पहिली पायरी: कुलूप आहे का, आणि कोणतं

आयफोनमध्ये सेटिंग्जमध्ये जा, जनरल उघडा, अबाउट उघडा आणि खाली सरकत जा. 'कॅरियर लॉक' अशी ओळ दिसेल. तिच्यापुढे 'नो सिम रिस्ट्रिक्शन्स' असेल तर फोन मोकळा आहे, पुढचं फारसं वाचायची गरज नाही. दुसरं काहीही असेल तर तो बांधलेला आहे. अँड्रॉइडमध्ये ही नोंद प्रत्येक बनावटीत निराळ्या जागी असते. सेटिंग्जच्या शोधपट्टीत 'नेटवर्क अनलॉक' किंवा 'सिम लॉक' टाकून पाहा. सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे दुसऱ्या कंपनीचं सिम घालून बघणं. रूममेटचं दोन मिनिटांसाठी मागा.

आता इथे एक गोंधळ नेहमी होतो, त्यावर जरा थांबते. 'फोन लॉक आहे' या एकाच वाक्याखाली चार वेगळ्या गोष्टी येतात. पहिली, कॅरियरचं सिमचं कुलूप, ज्याबद्दल आपण बोलतो आहोत. दुसरं कुलूप अ‍ॅपलच्या किंवा गुगलच्या खात्याचं. फोन पुसून दिला पण आधी खात्यातून बाहेर पडलो नाही, तर समोरच्याला जुन्या मालकाचा पासवर्ड विचारला जातो. हे कॅरियर काढू शकत नाही, ज्याचं खातं तोच काढू शकतो. तिसरी गोष्ट, चोरीला गेलेला किंवा पैसे बुडवलेला म्हणून काळ्या यादीत गेलेला फोन. तो अनलॉक असला तरी नेटवर्क त्याला उभं करत नाही. चौथा स्क्रीनचा पासकोड, तो तर सगळ्यांना ठाऊकच आहे. दुकानदार "लॉक आहे" म्हणाला की यातलं कोणतं ते विचारा. बाबांच्या दुकानदाराने फोन अमेरिकेचा म्हणून चालणार नाही सांगितलं होतं, आणि त्याच्याकडून एक मध्यम किमतीचा नवा फोन घ्यायची शिफारसही केली होती. बाबांनी तो घेतला नाही हे नशीब.

दुसरी पायरी: आयएमईआय लिहून ठेवा

फोन लावायच्या जागी *#०६# दाबा. स्क्रीनवर पंधरा आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, येईल. दोन सिमांच्या फोनात दोन येतात. अर्ज करताना पहिला द्यायचा, विचारला तर दुसराही. त्याच पडद्यावर ईआयडी नावाचा बत्तीस आकडी क्रमांकही दिसतो, तो पुढे ईसिमसाठी, म्हणजे फोनातच बसवलेल्या, वेगळं कार्ड न लागणाऱ्या सिमसाठी लागणार आहे. पडद्याचा फोटो काढून ठेवा. आकडे फोनवरून सांगताना मी एकदा आठच्या जागी तीन सांगितला, आणि पलीकडची बाई अर्धा तास भलत्याच फोनचा इतिहास वाचत बसली होती.

सोबत हेही जमवा: खातं ज्याच्या नावावर आहे त्याचं नाव, खात्याचा क्रमांक आणि पिन, फोन घेतल्याची पावती. विद्यार्थी चौघे-पाचजण मिळून फॅमिली प्लॅन घेतात आणि खातं कुणा एकाच्या नावावर असतं. अर्जाच्या वेळी तोच लागतो. तो पदवी घेऊन टेक्सासला गेला असेल तर आधी त्याला गाठा.

तिसरी पायरी: फोन पात्र करून घ्या

कॅरियर अनलॉक करायला बांधील कितपत आहेत, हे समजून घेतलेलं बरं. २०१३ च्या जानेवारीपासून काही काळ असा गेला की, नवा घेतलेला फोन कॅरियरच्या परवानगीशिवाय अनलॉक करणं कॉपीराइट कायद्याच्या कचाट्यात येत होतं. त्यावर लाखाहून अधिक लोकांनी व्हाइट हाउसकडे अर्ज केला, आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी ओबामांनी सही केलेल्या कायद्याने आधी असलेली सूट परत मिळाली. तो कायदा ग्राहकाला मोकळीक देतो. कॅरियरला कुलूप घालायची बंदी करत नाही. कॅरियरांनी आपल्या संघटनेमार्फत, म्हणजे सीटीआयएमार्फत, स्वतःहून काही वचनं दिली आहेत: अनलॉकचं धोरण उघडपणे मांडायचं, अर्ज आल्यावर कामाच्या दोन दिवसांत उत्तर द्यायचं, प्रीपेड फोन सुरू झाल्यापासून फार तर वर्षभरात मोकळा करायचा. ब्रिटनमध्ये डिसेंबर २०२१ पासून लॉक केलेले फोन विकायलाच मनाई आहे, कॅनडात डिसेंबर २०१७ पासून नवे फोन मोकळेच द्यावे लागतात. अमेरिकेत तसं नाही. त्यामुळे इथे प्रत्येक कॅरियरच्या अटी वाचाव्या लागतात.

एटी अँड टीचा पोस्टपेड फोन किमान साठ दिवस त्यांच्या नेटवर्कवर चाललेला हवा, त्याचे सगळे पैसे फेडलेले हवेत, खात्यावर थकबाकी नको, आणि फोन चोरीचा किंवा हरवलेला म्हणून नोंदलेला नको. प्रीपेड असेल तर सहा महिने पैसे भरून सेवा घेतलेली हवी. टी-मोबाइलची पोस्टपेडसाठी अट चाळीस दिवसांची, आणि पैसे पूर्ण फेडलेले असण्याची, प्रीपेडला वर्षभर.

व्हेरायझनची गोष्ट निराळी आहे. २००८ मध्ये त्यांनी ७०० मेगाहर्ट्झच्या लहरी लिलावात घेतल्या, त्यांना फोन मोकळे ठेवण्याची अट जोडलेली होती. २०१९ मध्ये एफसीसीने, म्हणजे अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाने, फसवणूक रोखण्यासाठी साठ दिवस कुलूप ठेवायची सवलत दिली. त्यानंतर फोन आपोआप मोकळा व्हायचा, हप्ते चालू असले तरी. म्हणून आपल्या लोकांत "व्हेरायझनचा घे, दोन महिन्यांत सुटतो" हा सल्ला पिढीजात झाला आहे. पण २०२५ मध्ये कंपनीने ही साठ दिवसांची अट काढून टाकावी म्हणून एफसीसीकडे अर्ज केला, आणि जानेवारी २०२६ मध्ये तो मंजूरही झाला. तेव्हा ऐकीव सल्ल्यावर फोन घेऊ नका. तुम्ही घेता त्या दिवशी त्यांच्या साइटवर जे धोरण लिहिलेलं असेल, त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. ही सवय कोणत्याही कॅरियरसाठी चांगली.

आणि मोठ्या दुकानातले ते पन्नास-साठ डॉलरचे प्रीपेड ब्रँडचे फोन घरी द्यायला म्हणून घेऊ नका. ते इतके स्वस्त असतात ते कुलपामुळेच. बाराव्या महिन्यापर्यंत त्यावर इथलं सिम रिचार्ज करत बसायची तयारी असेल तर गोष्ट वेगळी.

हप्ते शिल्लक असतील तर ते एकदम फेडता येतात, पण आधी एक चौकशी करा. 'मोफत' फोन म्हणजे बहुधा दर महिन्याचा हप्ता आणि तेवढीच दर महिन्याची सूट असा व्यवहार असतो. चोवीस किंवा छत्तीस महिन्यांत पसरलेली ही सूट हप्ते लवकर फेडल्यावर चालू राहते की बुडते, हे कॅरियर आणि योजनेनुसार बदलतं. लाइन बंद केली तर मात्र ती बुडालीच समजा, आणि उरलेली किंमत एकरकमी शेवटच्या बिलात येते. दोन वर्षांच्या प्रोजेक्टवर आलेल्या माणसाने छत्तीस महिन्यांचा फोन घेऊ नये, एवढं गणित तर घरूनच करून निघावं.

शेवटच्या बिलाबद्दल माझी कहाणी वर सांगितलीच. लाइन बंद करण्याआधी पत्ता आणि ईमेल बदला, आणि बंद केल्यानंतरही एक बिल येतंच हे धरून चाला. ऑटोपे खातं बंद होताच थांबतो, त्या शेवटच्या बिलापर्यंत तो पोचेलच असं नाही.

चौथी पायरी: अर्ज

टी-मोबाइलचा आणि व्हेरायझनचा फोन पात्र ठरला की बहुधा आपोआप मोकळा होतो. अबाउटमधली ती ओळ अधूनमधून पाहायची, आठवडाभरात बदलली नाही तर चॅटवर विचारायचं. टी-मोबाइलच्या काही अँड्रॉइड फोनांत सेटिंग्जमध्येच नेटवर्क अनलॉकचा पर्याय असतो. त्यात 'कायमचं' आणि 'तात्पुरतं' असे दोन प्रकार दिसतात. तात्पुरतं तीस दिवसांपुरतं मिळतं, सुट्टीत भारतात जाऊन यायला ते पुरतं. घरी कायमचा द्यायच्या फोनासाठी चुकून तात्पुरतं दाबून मोकळे होऊ नका, महिन्याने फोन पुन्हा बंद पडेल.

एटी अँड टीकडे अर्ज करावा लागतो. त्यांच्या साइटवर 'डिव्हाइस अनलॉक' शोधा, ते पान सापडेल. तुमचा नंबर, आयएमईआय, नाव, ईमेल एवढंच मागतात. त्यांचे ग्राहक नसाल तरी अर्ज करता येतो, सेकंडहँड घेतलेल्यांना हे उपयोगी आहे. अर्ज पाठवला की लगेच एक ईमेल येतो, आणि त्यातल्या दुव्यावर चोवीस तासांत टिचकी मारावी लागते. तसं केलं नाही तर अर्ज रद्द होतो. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं: ईमेल स्पॅममध्ये पडून असतो आणि आपण दोन दिवस उत्तराची वाट पाहत बसतो. अर्जाचा क्रमांक जपून ठेवा, त्यावरून स्थिती तपासता येते.

नकार आला तर ईमेलमध्ये कारण असतं. बहुधा तीनांतलं एक: हप्ते बाकी, दिवस भरले नाहीत, किंवा खात्यावर थकबाकी. हे तिन्ही दुरुस्त होण्यासारखे आहेत. कारण पटत नसेल तर फोन करा आणि सरळ विचारा, "कोणती अट पूर्ण झालेली नाही?" नुसतं "अनलॉक करून द्या" म्हटलं की तुम्हाला एका विभागाकडून दुसऱ्या विभागाकडे ढकलत राहतात. प्रत्येक वेळी बोलणाऱ्याचं नाव, तारीख आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. माझ्याकडे किराण्याच्या यादीच्या मागच्या बाजूला असे चार क्रमांक झाले होते, आणि पाचव्या माणसाला ते वाचून दाखवल्यावरच त्याने काम हलवलं. तरीही अडलं तर एफसीसीच्या ग्राहक तक्रार केंद्रात ऑनलाइन तक्रार करता येते. तिथे पैसे लागत नाहीत, आणि कॅरियरला लेखी उत्तर द्यावं लागतं.

मधला रस्ता नको

इंटरनेटवर वीस-तीस डॉलरांत "कोणताही फोन अनलॉक" करून देणारे पुष्कळ आहेत. यातले काही पैसे घेऊन गायब होतात. बाकीचे काय करतात त्याचा नमुना अमेरिकेच्या न्यायालयात उघड झाला आहे: वॉशिंग्टन राज्यातल्या बॉथेल इथल्या कॉल सेंटरमधल्या कर्मचाऱ्यांना लाच देऊन एटी अँड टीचे सुमारे १९ लाख फोन बेकायदा अनलॉक केले गेले. कंपनीचं नुकसान २० कोटी डॉलरांहून अधिक, आणि सूत्रधाराला सप्टेंबर २०२१ मध्ये बारा वर्षांची कैद झाली. व्हिसावर असलेल्या माणसाने अशा साखळीच्या टोकाला तरी कशाला उभं राहायचं?

भारतात दुकानांतून सिमखाली ठेवायची एक पातळ चकतीवजा चिप मिळते. ती फोनाला फसवते, कुलूप काढत नाही. अपडेट आला की फोन पुन्हा मुका. आणि सिमचा खणच नसलेल्या फोनात ती ठेवणार कुठे?

पाचवी पायरी: इथेच तपासून पाहा

अनलॉक झाल्याचा ईमेल आला म्हणून फोन लगेच डब्यात घालू नका. आयफोन वायफायला जोडा, दुसऱ्या कंपनीचं सिम घाला किंवा ईसिम टाका, आणि एक फोन लावून बघा. इथले काही कॅरियर आपल्या अ‍ॅपवरून थोड्या दिवसांचं मोफत चाचणी ईसिम देतात. ते मोकळ्या फोनावरच चालतं, त्यामुळे परीक्षा आपोआप होते. भारतातलं रोमिंगचं सिम असेल तर त्याहून उत्तम. ओळ बदलली नसेल तर फोनचा बॅकअप घेऊन तो पूर्ण पुसा आणि नव्याने सुरू करा. पुन्हा सुरू होताना तो अ‍ॅपलकडून ताजी नोंद घेतो.

सेकंडहँड घेताना हाच क्रम उलटा: पैसे नंतर, अबाउटचं पान आधी. शिवाय सीटीआयएच्या 'स्टोलन फोन चेकर' वर आयएमईआय टाकून फोन चोरीचा नाही ना, ते पाहा. भारतात घेत असाल तर केवायएम, मग एक जागा सोडून आयएमईआय, असा इंग्रजी अक्षरांत एसएमएस १४४२२ ला पाठवला की भारत सरकारच्या संचार साथी सेवेकडून त्या फोनची माहिती येते.

भारतात पोचल्यावर

कुलूप निघालं म्हणजे सगळं जमलं असं नाही. सगळ्यात मोठी अडचण खणाची. आयफोन १४ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनांना सिमचा खण नाही, फक्त ईसिम. आपण इथे राहतो तोवर ते जाणवत नाही, पण सत्तरीतल्या आईबाबांना याचा अर्थ असा की, फोन बिघडला तर सिम काढून जुन्यात घालता येणार नाही. जिओ, एअरटेल, व्ही हे तिघेही ईसिम देतात. ज्यांना हे झेपणार नाही त्यांना १३ किंवा त्याआधीचा द्या, किंवा खण असलेला सॅमसंग.

साध्या सिमचं ईसिम करताना जुना फोन आणि जुनं सिम चालू ठेवा, कारण पक्कं करण्याचा एसएमएस तिथूनच करायचा असतो. कंपनीच्या अ‍ॅपमधून किंवा दुकानात जाऊन करा. "तुमचं ईसिम करून देतो" असा आपणहून आलेला फोन तिथल्या तिथे ठेवून द्या. नंबर पळवून बँक खाती साफ करणारे असाच फोन करतात. सिम बदलल्यावर पहिले चोवीस तास एसएमएस बंद ठेवले जातात, म्हणजे बँकेचा ओटीपी येत नाही. तेव्हा पेन्शनच्या दिवशी किंवा तत्काळ तिकिटाच्या सकाळी हा उद्योग काढू नका.

अँड्रॉइडचं आणखी एक. जिओच्या नेटवर्कवर २जी-३जी नाही, साधा फोनही ४जीवरूनच, म्हणजे व्हीओएलटीईवरून लागतो. अमेरिकन कॅरियरसाठी बनवलेल्या काही अँड्रॉइड फोनांत भारतातल्या कंपन्यांची ती मांडणीच नसते. मग इंटरनेट चालतं आणि फोन लागत नाही, असा चमत्कार दिसतो. फोन घेतानाच मॉडेल क्रमांकाने हे शोधून बघा. आयफोनला ही अडचण सहसा येत नाही.

फोन देण्याआधी 'फाइंड माय' ही हरवलेला फोन शोधायची सोय बंद करा, अ‍ॅपलच्या खात्यातून बाहेर पडा, मग पुसा. याच क्रमाने. आधी पुसून मग आठवलं तर पासवर्ड विचारायला पहाटे तीनला तुम्हालाच फोन येईल. आणि अनलॉकचा ईमेल छापून डब्यात टाका. मी बाबांना तो नंतर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. त्यांनी तो छापून घेतला आणि घेऊन गेले त्याच दुकानदाराकडे. त्याने वाचला, सिम घातलं, नेटवर्कच्या चार दांड्या आल्या, आणि मग त्याने काचेवर नवा गार्ड लावायचे दीडशे रुपये सांगितले. बाबा म्हणाले, "आहे तो पोरीने लावलेला आहे, राहू दे."